सांजेला उमलणारं काटवल

माझी सासू जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी काटवल, म्हणजे कर्टुलं, चिरायला घेतलं की तिच्यावरचा राग अजून ताजा होतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलणारे बोलोत. मला जमत नाही.

मी वऱ्हाडातली. चौथीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि कापसाच्या मुलखातून केशोरीजवळच्या या धानाच्या गावात येऊन पडले. घरामागच्या वाडीत कुंपणभर काटवलाचे वेल होते. पावसाळा लागला की जमिनीतल्या कांद्यांतून ते आपोआप वर यायचे. मी आले त्याच उन्हाळ्यात, माझ्या येण्याआधी, सासूनं नुसतीच फुलं देणारे, फळ न धरणारे वेल कांद्यांसकट खणून उकिरड्यावर फेकले होते. "बिनकामी होते, साफ केले," असं ती कौतुकानं सांगायची.

आषाढात वेल पिवळ्या फुलांनी भरले. प्रत्येक फुलामागं बोराएवढं काटेरी फळ. चार दिवसांत ते पिवळं पडायचं आणि गळायचं. सगळीच गळाली.

"वऱ्हाडीण आली अन् वेल रुसला," सासू म्हणाली. मग सासऱ्यांना, मला ऐकू जाईल असं, "पोळा झाला का इले माहेरी धाडून देऊ. पांढऱ्या पायाची हाये."

माहेरी माझ्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. मी परत गेले असते तर त्यांना कोण विचारणार होतं?

केशोरीच्या बाजारात एक गोंडीण म्हातारी रानातली काटवलं घेऊन बसायची. तिच्या ढिगाकडे बघत मी विचारलं, आमची काऊन गळतात?

"नर वेल हाये का तुमच्या वाडीत?"

"वेलात कुठं नर असतो?"

ती हसली. "फुलामागं फळ राह्यते ते मादी. नुसत्या दांडीवर फूल, तो नर."

सासूनं काय खणलं ते मी सांगितलं.

"मंग मादी एकटी काय करन वो?"

"बी लावू?"

"बीतून नर निघन का मादी, कोण सांगन? कांदा ज्याचा लावला त्याचाच वेल येते. औंदा नराचं फूल आणून मादीले लाव. सांजच्याले उमलते, तवाच लाव."

सांजेला झाडं झोपतात, त्यांना हात लावू नये, हे सासरी होतं तसं माहेरीही होतंच. मी काही धीट नव्हते. तरी दिवेलागणीला रानाच्या कडेच्या झुडपावरून नराची फुलं पदरात आणली, एकेक आमच्या फुलांना लावलं आणि लावलेल्या देठांना लुगड्याचा धागा बांधला.

सासू तुळशीपुढं दिवा ठेवायला आली.

"झाडाले हात कायले लावून राहिली वो? धागे बांधते? करणी करते माह्या घरावर?"

शेजारच्या बाया कुंपणाशी जमल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. सासरे ओसरीवरूनच सासूला म्हणाले, "धाग्याची फळं गळली त पोळ्याले धाडून देऊ. नाही गळली त तू तोंड बंद ठेवजो."

त्यानंतर मी रोज पहाटे उठून आधी वाडीत जायची. बिनधाग्याची गळत गेली. धाग्याची हिरवी राहिली, फुगली.

सासूनं ती स्वतः तोडली, भाजी केली, सगळ्यांना वाढली. माझ्या ताटात रस्सा तेवढा घातला. "माह्या वेलाले फळ आलं," एवढंच म्हणाली. पोळा आला, गेला. मला धाडायचं कोणी काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारीनं मला नर वेलाचा कांदा आणून दिला. बदल्यात माहेरच्या कापसाच्या वाती घेतल्या, दुसरं काही घेईना. त्या बाईचे उपकार मी कशानं फेडणार होते? कांदा मी कुंपणाच्या कोपऱ्यात पुरला. वेल वाढला, फुलला, आणि त्याला कधीच फळ धरलं नाही. बाकीच्या वेलांची फळं मग गळली नाहीत.

सासू मरेपर्यंत जाता-येता त्या वेलाकडे बघून थुंकायची. खणायला मात्र तिनं पुन्हा हात घातला नाही.