जावईबापूंचे मासे

माझ्या गुडघ्याला मलम लावायचं म्हणजे आमच्या घरी मोठा सोहळा. मलम चोळून झालं की लगेच हात धुवायचे नाहीत. आधी कागदाला पुसायचे, कागद कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, मग नळाखाली धरायचे. हा नियम जावईबापूंचा. मी लेकीकडे कायमची राहायला आले त्याच दिवशी त्यांनी तो मला समजावून सांगितला, पाणी विचारायच्याही आधी.

जावईबापू शहराच्या सांडपाणी केंद्रात कामाला आहेत, अगदी शेवटच्या टप्प्यावर. घाण, गाळ आधीच्या टाक्यांमध्ये निघतो. पण माणसांनी खाल्लेली औषधं पाण्यात विरघळून तशीच पुढं जातात, तिथं हे उभे. पाण्यात ओझोन वायू सोडून त्या औषधांचे तुकडे करायचे, उरलंसुरलं कोळशाच्या थरात अडकवायचं, मग पाणी नदीला सोडायचं. नाहीतर मासे बिघडतात म्हणे. बायकोच्या वाढदिवसाची यांना आठवण करून द्यावी लागते, पण कुठल्या गोळीनं माशाचं काय होतं ते झोपेतसुद्धा सांगतील.

त्या दिवशी इस्त्रीचे शर्ट ठेवायला मी त्यांचं कपाट उघडलं, तर रक्तदाबाच्या गोळ्यांची चळत माझ्या पायावर पडली. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. या गोळ्या चुकवल्या तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. लेक रोज कामाला निघताना विचारायची, गोळी घेतली का. हे मान डोलवायचे.

मी सरळ त्यांना केंद्रात फोन लावला. "जावईबापू, कपाटात गोळ्यांचं दुकान काढलंय का?"

ते म्हणाले, "आई, गोळी अंगात पुरती जिरत नाही. बरीचशी आहे तशी बाहेर पडते. घरी मी घ्यायची आणि इथं येऊन मीच काढत बसायचं? निदान माझी तरी भर नको. हिला सांगू नका."

धन्य आहे. अख्ख्या शहराच्या गोळ्या चालतात, यांच्या एका गोळीनं नदी बाटणार होती.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. माझ्या लेकीचे वडील असेच गेले. आता बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या आणि भरल्या ताटावर कोसळले. त्यांच्याकडे तर माशांचं निमित्तही नव्हतं.

एक पाकीट पर्समध्ये टाकलं आणि दुखरा गुडघा ओढत केंद्र गाठलं. जावईबापू कॉलेजच्या मुलांना टाकी दाखवत होते. एका मुलीनं विचारलं, "सर, लोकांनी औषधंच कमी घेतली तर?"

"छे, छे. उरलेली गटारात टाकू नका, एवढंच. आजारी माणसानं औषध घ्यायलाच हवं. ते पाण्यातून काढणं आमचं काम."

काय ती रसाळ वाणी. मी गर्दीतून पुढं झाले, पाकीट फोडून गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याची बाटली पुढं केली. "घ्या," मी म्हटलं आणि मुलांकडे वळले. "सर स्वतःच पेशंट आहेत."

त्यांचे कान लाल झाले. गोळी मुकाट्यानं गिळली. मुलं पुढच्या टाकीकडे गेल्यावर कठड्याला टेकून पुटपुटले, "आई, ही आता फिरून इथंच येणार."

"येऊ द्या," मी म्हटलं. "काढायला तुम्ही असलात म्हणजे झालं."