विहिरीविहिरीवर थांबणारी मोटार

रस्त्याकडेला कुणी बॉनेट उघडून उभं दिसलं की मला अजून वटार गावातले आमचे शेजारी आठवतात. त्यांची पानवेलीची वाडी, आणि गावातली एकुलती एक मोटारही त्यांचीच. ती इतकी धावली होती की किलोमीटरचा काटा केव्हाच बंद पडला होता. तिचा वॉटर पंप गळायचा, म्हणून इंजिन तापलं की वाटेत थांबून पाणी घालावं लागायचं. वालीवचा मेकॅनिक दर खेपेला "आता बदला" म्हणायचा. आमचे शेजारी बोटावर थेंब घेत म्हणायचे, "ठिबकतंय ना नुसतं? ठिबकू दे."

खरं तर त्यांना थांबायलाच आवडायचं. ओळखीची विहीर आली की बॉनेट उघडायचं, "वहिनी, पानी द्या गो गाडीला!" अशी हाक मारायची, आणि इंजिन निवेपर्यंत ओट्यावर बसून पानांच्या भावापासून सोयरिकीपर्यंत सगळं बोलायचं. मी बरोबर असलो की आपला बाजूला उभा राहून "चला हो, चला" करायचो.

माझ्या बायकोला नववा लागला, तशी मला त्या पंपाची धास्ती वाटू लागली. पण त्यांना सांगणार कसं? एका संध्याकाळी तेच वालीवहून आले. "पंप बदलला, मास्तर. सूनबाईला घेऊन मधी थांबता येनार नाय." माझ्या बायकोला ते सूनबाईच म्हणायचे.

दवाखान्यात जाताना गाडी कुठेच थांबली नाही.

बाळाला घरी आणताना मात्र पहिल्याच विहिरीशी थांबली. बॉनेट बंदच राहिलं. त्यांनी मागचं दार उघडलं आणि हाक मारली, "वहिनी, या, बघा कोन आलंय!"

पुढे प्रत्येक विहिरीवर तेच. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. त्या दिवशी मी एकदाही "चला" म्हणालो नाही.