कमळीचं डोकं कुणी धरलं?

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे. म्हैसुरातल्या मुलींच्या शाळेत आरोग्याचा तास घेते. कुणी नजर लागल्याचं बोललं की मीच दटावते. तेव्हा हसायचं तर हसा... पण आधी पुरतं ऐका.

माझी कमळी चार वर्षांची. डाव्या डोळ्याच्या कडेला गाठ आली आणि वाढतच चालली. मोठ्या दवाखान्यात एक्स-रेचं नवं यंत्र आलेलं. डॉक्टर म्हणाले, "गाठ जाईल, अम्मा. पण डोकं जरासुद्धा हलता कामा नये. किरण डोळ्यात गेले तर डोळा गेलाच समजा."

कमळी आणि न हलणं! अहो, हिची वेणी घालायची तर दोघीजणी लागतात. कानसुद्धा टोचलेले नाहीत अजून. कान मामाच्या मांडीवर टोचायचे, आणि मामा — माझा गणूदादा — रिसाल्यातला घोडेस्वार, लढाईवर मिसर देशात, इजिप्तला गेलेला. वर्षभर पत्र नाही. "गणू आला की टोचू" हे आईचं पालुपद.

पहिल्या दिवशी डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, कपाळावरून पट्टा, चेहऱ्यावर गाठीपुरतं भोक पाडलेला शिशाचा पत्रा. आम्ही सगळे बाहेर, जाड काचेमागे. यंत्र कडकडलं मात्र, पोरीनं किंकाळी फोडून पट्टाच उपसला! डॉक्टरांनी घाईघाईनं यंत्र बंद केलं.

"अय्यो, असं नाही चालणार. रोज रोज गुंगी देता येत नाही. उद्या एकदा बघू, नाही जमलं तर घरी न्या."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या.

दुसऱ्या दिवशी, "अलुगाडबेड कंदा, हलू नको," असं समजावून डॉक्टर बाहेर आले. दार लावलं. यंत्र कडकडलं... आणि कमळी हललीच नाही. पायाचं बोटसुद्धा नाही. खरं सांगते, मला वाटलं पोर गेली! मी दाराकडे धावले तर डॉक्टरांनी दंड धरला — "छाती बघा, श्वास चालू आहे."

बाहेर आणल्यावर विचारलं, "घाबरली नाहीस गं?"

"ते काका होते ना आत. दोन्ही गाल धरून बसले होते. नाकात हळूच फुंकर घातली. गुदगुल्या झाल्या, तरी मी हलले नाही."

गणूदादा बिथरलेल्या घोड्याला असाच शांत करायचा. गालांवर तळवे, नाकपुडीत हलकी फुंकर. लहानपणी माझ्या पायातला काटा काढतानाही त्यानं हेच केलं होतं, आणि मी त्याला चापट मारली होती. यातलं कमळीला मी कधी सांगितलेलं नाही. तो गेला तेव्हा ती पाळण्यात होती.

डॉक्टरांना विचारलं तर ते चिडलेच. "आत माणूस ठेवतच नाही आम्ही!"

पुढच्या खेपांनाही ती तशीच पडून राहिली. गाठ बसली, डोळा शाबूत आहे. रोज तो डोळा बघून देवाला हात जोडते, आणि लगेच दुसरा विचार येतो. दादा मिसरमध्ये जिवंत असेल, तर इथल्या बंद खोलीत कसा येईल?... पुढचं मनात आणवत नाही. पोरीच्या मनाचे खेळ म्हणावं, तर ती फुंकर तिला कुठून ठाऊक?

काल आई म्हणाली, "डोळा झाला बरा. आता गणू आला की कान." मी "हो" म्हटलं.

मला तर काही उलगडत नाही. कुणाला उलगडलं तर जरूर लिहा. मात्र शाळेच्या पत्त्यावर. घरी आलेलं प्रत्येक पत्र आधी आई उघडते.