साडेदहा फुटांवरची रिंग

गेल्या रविवारी सकाळी टाउनशिपच्या जुन्या बास्केटबॉल कोर्टवर मंजूताईचा सत्कार होता. माझ्याकडे कामं दोनच... बिट्टन मार्केटमधून हार आणायचे आणि अयोध्या नगरमधून तिच्या बाबांना, म्हणजे ढोबळे काकांना, बाइकवर घेऊन यायचं.

हार आणले. मधे एका गॅरेजबाहेर जुनी पोपटी स्कूटर दिसली, तिची चौकशी करण्यात अर्धा तास गेला. घ्यायची नव्हती, तरी केली... ते सोडा.

मंजूताई लहानपणी आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची. उंची पाच फूट तीन इंच, आणि या पोरीनं बास्केटबॉलवर आयुष्य काढलं! आधी स्टेट, मग खेळाच्या जोरावर नोकरी, मग देशाची जर्सी... चौदा वर्षं खेळून मागच्या महिन्यात रिटायर झाली. तेवढ्या काळात मी दोनदा कॉलेज सोडलं. तेही सोडा.

तर काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार होऊन दारात बसलेले, आणि म्हणतात काय, "तू जा नंदू. मी येत नाही."

मी विचारलं, गुडघे दुखतायत का. तर म्हणाले, "गुडघ्यांना काही झालं नाही. तो पोल बघवत नाही मला."

काका टाउनशिपच्याच प्लांटमध्ये फॅब्रिकेशन शॉपला वेल्डर होते. कोर्टचा पोल त्यांनीच बनवलेला. ड्रॉइंगप्रमाणे रिंग बरोब्बर दहा फुटांवर. पोल ज्यावर उभा केला तो सिमेंटचा ओटा सिव्हिलवाल्यांचा. त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे बरोब्बर अर्धा फूट उंच. दोन्ही डिपार्टमेंटचं काम एकदम परफेक्ट... फक्त बेरीज कुणी केली नाही. रिंग गेली साडेदहा फुटांवर आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

काकांच्या लक्षात आलं ते मंजूताईच्या पहिल्या ट्रायलला. पंधरा वर्षांची होती. स्टेडियममधल्या दहा फुटी रिंगवर, इथल्या सवयीनं, तिचा एकेक बॉल लांब जात होता, आणि निवडायला बसलेले लोक हसत होते. काकांनी घरी आल्यावर गुपचूप पोलला मोजायची टेप लावली... आणि गप्प बसले.

"माझ्या हातच्या पोलनं पोरीची पहिली ट्रायल घालवली. इतकी वर्षं तिला सांगायची हिंमत झाली नाही. आज त्याच्याच खाली उभा राहून टाळ्या वाजवू होय?"

मी म्हटलं, "काका, हार सुकतायत." आणि ते चक्क उठले.

कोर्टवर कॉलेजच्या टीमची पोरं खेळत होती. त्यातला एक सहा-फुटी सलग तिसरा बॉल चुकवून आमच्या इथल्या हिंदीत ओरडला, "अरे खां, ये रिंग तो ऊँची है!" सगळे हसले. काका हळूच माझ्या मागे सरकले. क्लबच्या सेक्रेटरींनी माइकवर सांगूनही टाकलं, की रिंग लवकरच नियमाप्रमाणे खाली घेऊ.

मंजूताईनं त्यांच्या हातातला माइक घेतला. "बाबा, टेप आहे ना खिशात?"

असणारच. काका भाजी आणायलाही टेप घेऊन जातात. पण त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं आता परत अयोध्या नगर...

ताईनं त्या सहा-फुटी पोरालाच शिडीवर चढवलं. काका खाली टेपचं टोक जमिनीला लावून उकिडवे बसले, मान खाली घालून. वरून पोरगा ओरडला, "साढ़े दस फुट!"

"मला माहितीये," ताई म्हणाली. "ट्रायलनंतर आठवड्याभरात तुमचीच टेप चोरून मोजलं होतं मी."

काकांनी मान वर केली. "मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते, तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी पोल कापला असता!"

मग तिनं सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर ती मुद्दाम इथेच खेळत राहिली. आठवड्यातून एकदा स्टेडियमच्या रिंगवर जाऊन अंदाज घ्यायचा, बाकी सगळे दिवस ही. या रिंगपायी तिला बॉल इतका वर फेकायची सवय लागली, की पुढे सहा-सहा फुटांच्या पोरी हात उंचावून उभ्या राहिल्या तरी तो त्यांच्या डोक्यावरून निघून जायचा. "मला उंची कमी पडत होती," ती म्हणाली. "अर्धा फूट बाबांनी दिला."

आणि तिनं बॉल घेतला. गुडघ्याला पट्टा होता. पहिला बॉल रिंगला लागून बाहेर आला... काकांनी डोळेच मिटले.

दुसरा सळ्ळकन जाळीत. तिसरा. चौथा. एकेक बॉल असा वर जायचा, की बघताना मान दुखावी. पब्लिक मोठमोठ्यानं मोजत होतं. दहातले नऊ! सातव्यापासून काकाही ओरडत होते, हे मी स्वतः ऐकलंय.

सेक्रेटरींनी काकांना दोन शब्द बोलायला लावलं. काकांनी शर्ट नीट केला, घसा साफ केला आणि भर सभेत जाहीर केलं, "फॅब्रिकेशन का काम एकदम सही था. गड़बड़ सिव्हिल की थी."

मागच्या खुर्चीतून एक रिटायर्ड सिव्हिलवाले उठले, "अरे ढोबळे, ओटा हमारा, तो आधा मेडल भी हमारा!"

रिंग खाली घ्यायचं अर्थातच रद्द झालं. सगळे गेल्यावर मीही दोन-तीन बॉल मारून पाहिले... एकही रिंगपर्यंत पोचला नाही. पण बऱ्याच दिवसांनी एवढी मान वर करून कशाकडे तरी बघितलं, बरं वाटलं.

थँक यू काका. आणि हो... थँक यू सिव्हिल.