पारावरची बैठक आणि छावणीची वाट

१९७३च्या उन्हाळ्यात नेवासा तालुक्यातल्या जनावरांच्या एका छावणीत एक तांबडी गाय मेली. तेव्हा मी तिच्या मालकिणीबरोबर छावणीच्या वाटेवर होते.

दुष्काळात माणसे पाणी, चारा आणि जनावरे कशी सांभाळतात, याचा अभ्यास आमच्या सरांनी हाती घेतला होता आणि मी त्यांच्या हाताखाली कामाला लागले होते. त्याआधी मी वर्तमानपत्रात काम करत होते. तिथे प्रश्न विचारला की उत्तर लगेच हवे असे. सरांची पद्धत वेगळी होती. आधी पारावर सगळ्यांना एकत्र विचारायचे. मग एकेकाबरोबर त्याच्या कामावर जायचे, एक प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचे. घरचे नुकसान चारचौघांत कोणी बोलत नाही, असे ते सांगत.

पहिल्या बैठकीत हशा झाला. "ताई, तुमी लिवल्यावर हिरीला पानी लागंल का?" एकाने विचारले.

"लागलं तर आदी मला सांगा," दुसरा म्हणाला.

जनावरांचे विचारले तेव्हा एक वयस्कर शेतकरी म्हणाले, "छावनीत हायेत. बरी हायेत."

दुसऱ्या दिवशी त्यांची सून तांबड्या गायीसाठी घमेल्यात कोंडा घेऊन छावणीला निघाली. मी सोबत गेले. गायीबद्दल विचारले आणि थांबले. बरीच वाट सरल्यावर ती बोलली, "माज्या माहेरची हाय. दुसऱ्याच्या हातचं खात न्हाई. पाऊस पडंस्तवर जगली पायजे, ताई. बास."

छावणीत गायीची जागा रिकामी होती. दावे खुंट्यालाच होते.

"मगाशीच गेली, बाई," राखणदार म्हणाला.

"पानी पिली हुती का?"

"म्या पाजाया गेल्तो. तोंड फिरवलं तिनं."

सुनेने कोंडा शेजारच्या बैलापुढे ओतला. दावे सोडून घमेल्यात ठेवले. मी तिच्याबरोबर परतले. घरी तिने घमेले सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी दावे उचलले, गुंडाळले आणि भिंतीतल्या खुंटीला टांगले.

संध्याकाळी पारावर पुन्हा बैठक बसली. सरांनी जनावरांचा प्रश्न परत विचारला.

"छावनीत हायेत," सासरे म्हणाले. "बरी हायेत."