शनिवारचा जकात नाका

सॅम्युअल आपटेकर पनवेलच्या जकात नाक्यावर आठवड्यातले सहा दिवस बसत आणि शनिवारी पैशाला शिवत नसत. बेने इस्रायली माणूस. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याला, टाकसुद्धा उचलायचा नाही. एरवी मात्र नाक असं तिखट, की गाडी वळणावर असतानाच पेंढ्याखालचा तुपाचा डबा ओळखत.

शनिवारी त्यांच्या जागी शिपाई काशीराम बसे. शेठ सांगेल तेवढी पोती तो लिहून घेई, वर शेठचेच आभार मानी. त्रेपन्न साली ही गोष्ट बाजारपेठेच्या ध्यानात आली आणि साऱ्या व्यापाऱ्यांना शनिवारीच माल आणायचं व्रत जडलं. बाकीचे दिवस सॅम्युअल माश्यांची मोजदाद करत.

नगरपालिकेच्या तिजोरीत तर खडखडाटच होता. चांदण्या रात्री रस्त्यावरचे कंदील लावायचे नाहीत हे जुनंच. आता चांदणं तृतीयेपासून धरू लागले. अखेर चीफ ऑफिसरांनी सॅम्युअलना बोलावलं.

"आपटेकर, दुसरा कारकून नेमायला पैसा नाही. महिनाअखेर वसुली वाढली नाही, तर नाका मक्त्याने देणार. मक्तेदार त्याची माणसं आणेल. शनिवारी बसता का?"

"नोकरी गेली तरी नाही, साहेब."

पुढच्या शनिवारी जेवणं उरकली आणि सॅम्युअलनी ठेवणीतला कोट चढवला. त्यांच्या पत्नी मिल्काबाई दारात आडव्या आल्या.

"अहो, आज काम?"

"काम कसलं? पाय मोकळे करतो."

"पाय करा हो मोकळे. तुमच्या तोंडाचं काय?"

तोंड नाक्यासमोरच्या वडाखाली जाऊन बसलं. कमळाकरशेठची गाडी आली.

"बारा ढेपा गूळ," शेठ म्हणाले.

"राम राम शेठ!" वडाखालून हाक आली. "बारा ढेपांना बैलांच्या तोंडाला एवढा फेस? आजारी आहेत का बिचारे?"

काशीरामने प्रथमच गाडीवरची घोंगडी उचलली. "शेट, हे तं तीस हायत!"

"आपटेकर, आज तुमचा शब्बाथ ना?" शेठ कळवळले.

"म्हणून तर बैलांची चौकशी करतोय. एरवी वेळ कुठे असतो?"

त्या दुपारी त्यांनी अकरा बैलजोड्यांच्या तब्येतीची चौकशी केली. तीन शनिवारांत वसुली दुप्पट झाली. साहेब गहिवरले.

"आपटेकर, शनिवारचे दोन रुपये जादा मंजूर करू?"

"नको साहेब. पैसे घेतले की ते काम झालं. मग मला बसता येणार नाही."

साहेबांनी उभ्या नोकरीत इतकं गोड वाक्य ऐकलं नव्हतं. त्यांनी मक्त्याचा कागद फाडायला उचलला. पण मागची बाजू कोरी दिसली, तेव्हा घडी घालून जपून खणात ठेवला.