टाके कापायची परवानगी

माझ्या मावशीला राग यायला मोठं कारण लागत नसे. "नर्सच आहे ना फक्त?" एवढं कुणी म्हटलं तरी पुरे. नर्सिंग कॉलेजातल्या मुली तिला मागून "ठिणगी मॅडम" म्हणत. तिला ते ठाऊक होतं. "निदान वणवा तरी म्हणा गं," असं तिनं एकदा भर वर्गात सुनावलं होतं.

तिचं सगळं शिक्षण रागावरच झालं. "सुया टोचायला शिक्षण कशाला हवं?" असं आजोबा म्हणाले म्हणून त्यांच्या नाकावर टिच्चून तिनं पदविका घेतली. "तुला इंग्रजी झेपायचं नाही," असं एक मेट्रन बोलल्या म्हणून नोकरी करता करता पदवी. त्याच्याही पुढची परीक्षा दिली तेव्हा ती आणि तिचा मुलगा एकाच टेबलावर अभ्यासाला बसत आणि खोडरबरावरून भांडत. काका म्हणायचे, "हिच्या रागावर आमच्या घरचं पाणी तापतं."

कॉलेजात शिकवायला लागून बरीच वर्षं झाल्यावर तिला एका सेवाभावी संस्थेच्या पथकात बोलावणं आलं. दरवर्षी काही सर्जन पंधरा दिवसांसाठी परदेशातल्या एका गरीब भागात जात आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात गलगंडाची ऑपरेशनं फुकट करत. त्या भागात बायकांच्या गळ्याला मुठीएवढ्या गाठी असत. मावशीकडे वॉर्डची जबाबदारी होती, शिवाय तिथल्या नर्सेसना शिकवायचं होतं.

शिकवणं मात्र नावापुरतंच राहिलं. प्रमुख सर्जन हाताचा कसबी आणि बोलायला मधाळ माणूस. रोज म्हणायचा, "सिस्टर, आजचा तास राहू द्या, एक केस जास्त घेतोय." मावशी धुसफुसायची. पण बाहेर बाकावर गाठी घेऊन बसलेल्या बायका दिसत, मग तिचंही तोंड बंद होई.

शेवटच्या दिवशी सकाळी त्यानं आणखी एका बाईचं ऑपरेशन केलं. बाजारात बसून कपडे शिवणारी बाई. ऑपरेशन छान झालं. दुपारी हॉलमध्ये पथकाचा निरोप समारंभ होता. "तुमच्याशिवाय कसं चालेल?" म्हणत मावशीलाही स्टेजवर ओढलं. वॉर्डात एकटी तरुण नर्स उरली.

आणि त्या बाईच्या गळ्यात टाक्यांच्या आत रक्त साठायला लागलं. गळा फुगला, श्वास कोंडला. अशा वेळी एकच उपाय असतो. पलंगाशेजारीच टाके कापायचे आणि साचलेलं रक्त बाहेर काढायचं, म्हणजे श्वासनलिका मोकळी होते. कात्री ट्रेमध्येच होती. पण डॉक्टरांशिवाय टाक्यांना हात लावायचा नाही, एवढंच त्या मुलीला आजवर शिकवलेलं. ती धावत हॉलकडे गेली. भाषण चालू होतं, दारातल्या कार्यकर्त्यानं तिला थांबवलं. ती कशीबशी आत घुसली आणि सगळे धावले, तोवर बाई गेली होती.

तिचा नवरा कॉरिडॉरमध्ये तिच्या चपला हातात घेऊन उभा होता. घरी जाताना लागतील म्हणून सकाळी पुसून आणलेल्या.

सर्जन हळू आवाजात म्हणाला, "दुर्दैव. इथल्या नर्सेसची पातळीच ही."

"पातळी?" मावशीचा आवाज कॉरिडॉरभर घुमला. "हेच शिकवायचा तास मंगळवारी होता. तो तुम्ही खाल्लात. शेवटच्या दिवशी गळा उघडायचा आणि लगेच सामान बांधायचं, ही कुठली पातळी?"

"सिस्टर, आवाज खाली. आम्ही आलो नसतो तर त्या बाईचं ऑपरेशनच झालं नसतं."

"नसतं झालं. आणि आज ती गाठीसकट घरी गेली असती."

 परतीच्या विमानात पथकातलं कुणीही तिच्या शेजारी बसायला तयार नव्हतं.

पुढच्या वर्षी संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "मॅडम, तुमचा स्वभाव टीमला जरा जड जातो." "मलाही तुमची टीम पचली नाही," म्हणत तिनं फोन ठेवला आणि त्याच आठवड्यात कॉलेजात मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज टाकला. मुलगा वैतागला. "आई, हे काय वय आहे का एकटीनं तिकडे जायचं?" काकांनी मात्र माळ्यावरची बॅग खाली काढून दिली. हिला अडवण्यात अर्थ नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं.

जाण्याआधी ती तिथली भाषा शिकली. आमच्या गावातल्या हॉस्पिटलात तिकडचा एक तंत्रज्ञ होता, त्याच्या मागे हात धुऊन लागली. सगळ्यात आधी रागावायचे शब्द विचारून घेतले, बाकीचे मागाहून.

तिथं पोचल्यावर कळलं की त्या तरुण नर्सला शिक्षा म्हणून दवाखान्याच्या धोबीघरात टाकलंय. मावशी तडक अधीक्षकांच्या खोलीत गेली. "तिला वॉर्डात आणा. आणि नर्सेसना टाके कापायची परवानगी द्या."

"मॅडम, आज टाके कापतील, उद्या ऑपरेशन करायला निघतील!"

"करू देत. निदान समारंभाला तरी जाणार नाहीत."

त्यांनी नकार दिला. ती रोज सकाळी त्यांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसायला लागली, येणाऱ्या-जाणाऱ्याला तुटक्यामुटक्या भाषेत सगळी हकीकत सांगायची. शेवटी ते टेकीला आले. "शिकवा. परीक्षा मात्र मी घेणार." परीक्षा घ्यायला म्हणून आले आणि मागच्या बाकावर बसून अख्खा तास ऐकून गेले. दुसऱ्या दिवशी लेखी हुकूम निघाला.

सराव जुन्या गादीच्या स्पंजवर चाले. त्यावर दोऱ्याचे टाके घालायचे आणि झटकन कापायचे. धोबीघरातून आलेली ती मुलगी कात्रीला हात लावेना. एक दिवस ती मावशीवरच उसळली.

"मलाच का शिकवताय? त्या दिवशी तुम्हीही हॉलमध्येच होतात!"

 मावशीनं हातातला स्पंज खाली ठेवला.

"होते," ती म्हणाली. "स्टेजवर, हातात गुच्छ घेऊन. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो. चल, कात्री धर."

तिनं धरली. वर्षभरानं, गलगंडाचं ऑपरेशन न जमणाऱ्या स्थानिक डॉक्टरांनी केलेल्या गळ्याच्या एका छोट्या ऑपरेशननंतर तसाच गळा फुगला, आणि त्याच मुलीनं टाके कापले. बाई वाचली. तेव्हा मावशी सुट्टीवर घरी आली होती. त्या मुलीचा फोन आला तेव्हा मी समोरच होते. मावशीनं ऑक्सिजन कधी लावला, जखम कशानं झाकली, सगळं विचारलं. हातमोजे राहिले म्हणून रागावलीसुद्धा. फोन ठेवला आणि ढसाढसा रडायला लागली. "पहिलीही वाचली असती," एवढंच म्हणत होती. काका पाणी घेऊन आले, ते तिनं घेतलं नाही.

पुढच्या खेपेला पथक पोचलं तेव्हा मावशी शिकवणं संपवून घरी परतली होती आणि ती मुलगी वॉर्डची प्रमुख झाली होती. तिनं सर्जनला सांगितलं, शेवटच्या दोन दिवसांत ऑपरेशन होणार नाही, आणि पथक गेल्यावर एक डॉक्टर आठवडाभर मागे राहील. अधीक्षक तिच्या बाजूनं उभे राहिले. सर्जननं तिथूनच मावशीला फोन लावला.

"तुम्ही यांना आमच्याविरुद्ध भडकवलंत."

"शिकवलं. दोन्हीतला फरक कळत नसेल तर माझ्या वर्गात जागा आहे."

त्यानं फणकाऱ्यानं फोन आपटला, पण एक तरुण डॉक्टर मागे ठेवला. दोन दिवस कमी झाल्यामुळे काही बायका मात्र ऑपरेशनविना परत गेल्या. त्यातली एक दवाखान्याच्या पायरीवर बसून हंबरडा फोडून रडली, असं त्या मुलीनं कळवलं. ते ऐकून मावशी दिवसभर जेवली नाही. नियम बरोबर होता आणि ती बाईही बरोबर होती. आता रागावायचं कुणावर?

तिनं तेही शोधून काढलं. तिथल्याच एखाद्या डॉक्टरला हे ऑपरेशन पक्कं शिकवलं, तर पथकाची वाट बघायची वेळच कुणावर येणार नाही. तिथल्या एका डॉक्टरला शिकायला घ्या म्हणून हल्ली ती आमच्याकडच्या मेडिकल कॉलेजांचे उंबरठे झिजवते. दोन ठिकाणी नकार मिळालाय. परवा तिसऱ्या ठिकाणी मी तिला गाडीनं सोडायला गेले होते. स्वागतकक्षातला माणूस म्हणाला, "सिस्टर, साहेब बिझी आहेत, नंतर या."

मावशीनं खुर्ची ओढली, पर्स मांडीवर घेतली आणि मला म्हणाली, "तू जा घरी. मला वेळ लागेल."